पाजण्याची सवड

मुंबईच्या गिरण्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. संप, चाळी, खाणावळी, शाहिरी, पुढारी, सगळ्यांची नोंद झाली. पण गिरणीत जाणाऱ्या बाईच्या खोलीत एक चिमुकली वस्तू असे, तिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ती वस्तू म्हणजे बाळगोळी. अफू घातलेली ही गोळी सकाळी कामावर निघताना तान्ह्याला दिली की मूल दिवसभर गुंगीत पडून राही. रडत नसे आणि दूधही मागत नसे. १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने स्त्री-कामगारांच्या पाहणीसाठी डॉ. बार्न्स या बाईंना नेमले. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले.

हा आकडा वाचून आपल्या मनात पहिला शब्द येतो तो अज्ञान. त्या काळच्या साहेबी कागदपत्रांतही हाच शब्द भेटतो आणि सुशिक्षित देशी मंडळींच्या व्याख्यानांतही. मात्र हिशेब मांडून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. कायद्याने बाईला दिवसाला अकरा तासांपर्यंत कामावर ठेवता येई. चाळीपासून गिरणीपर्यंत जायचा-यायचा वेळ वेगळा. तान्हे मूल दिवसातून आठ-दहा वेळा पिते. म्हणजे आईच्या अंगात दूध होते, मुलाला भूक होती, पण दोघांच्या मध्ये गिरणीचे दार होते. बाळगोळीने दुधाची जागा घेतली नाही. तिने सवडीची जागा घेतली. ती देणाऱ्या बाईला मूल नकोसे नव्हते, तिला नोकरी टिकवायची होती.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. या आकड्याकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जात. जन्माची नोंद गावी होई आणि मूल दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत, त्यामुळे आकडा फुगलेला आहे. पण फुगवटा वजा केला तरी उरते ते थोडे नाही, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचे हाल सर्वांत जास्त होते यावर तेव्हाही दुमत नव्हते.

याच सुमारास जगात एक वेगळा विचार सुरू झाला होता. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने बाळंतपणाविषयीचा पहिला करार केला. त्यात प्रसूतीनंतर सहा आठवडे रजा होती आणि पुढे कामावर आल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या होत्या. हिंदुस्थानने तो करार मान्य केला नाही. मुंबई इलाख्यात मात्र १९२९ साली प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला. त्याच्या विधेयकावर १९२८ साली कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि बाईच्या श्रमातून ज्याला नफा मिळतो त्या मालकाने या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला हे भाषण मराठी बाळसंगोपनाच्या इतिहासात फार महत्त्वाचे वाटते. आईने काय करावे हे सांगणारे लोक तेव्हा खूप होते. आईला ते करता यावे म्हणून बाकीच्यांनी काय करावे, हे सांगणारे थोडे होते.

त्याच वर्षी, १९२९ साली, दूर आफ्रिकेत गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स ही जमैकात जन्मलेली डॉक्टरीण वसाहतीच्या वैद्यकीय नोकरीत रुजू झाली. पाय सुजलेली, पोट फुगलेली, केस भुरकटलेली मुले तिच्याकडे येत. इतर डॉक्टर निदान ठरवत होते, तिने आयांना विचारले. 'ग' भाषेतला शब्द तिला मिळाला, क्वाशिओरकॉर. पुढचे भावंड आले की आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचे दूध सुटलेले आणि नुसत्या मक्याच्या पेजेवर राहिलेले मूल. हा शब्द तिने वैद्यकाच्या ग्रंथांत नेला आणि तो आजही तिथे आहे.

१९३६च्या सुमारास तिची बदली मलायात झाली. तिथे वेगळेच दृश्य होते. दुकानांत गोड आटीव दुधाचे डबे रचलेले आणि परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या बायका दारोदार जाऊन नव्या बाळंतिणींना ते डबे खपवत. या डब्यांत साखर भरपूर आणि साय काढलेली, त्यामुळे अ आणि ड जीवनसत्त्वांचा दुष्काळ. मुलांची हाडे वाकत, डोळे जात. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात तिने भाषण केले. शीर्षकात दोनच गोष्टी होत्या, दूध आणि खून. चुकीच्या प्रचारामुळे होणाऱ्या या बालमृत्यूंना खूनच म्हटले पाहिजे, असे तिने शहरातल्या प्रतिष्ठितांना तोंडावर सांगितले.

तिच्या आयुष्यातला पुढचा भाग मला या साऱ्या इतिहासाची कसोटी वाटतो. १९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि इतर गोऱ्या नागरिकांबरोबर तिलाही चांगीच्या तुरुंगात ठेवले गेले. तिथे अन्न अपुरे, औषधे नाहीत, गर्दी आणि धास्ती. आजच्या भाषेत ज्याला आणीबाणीची परिस्थिती म्हणतात ती हीच. तिथे वीस बाळे जन्मली, वीसही आईच्या दुधावर राहिली आणि वीसही जगली, असे विल्यम्सबाई पुढे सांगत. वीस हा आकडा लहान आहे, त्यावरून शास्त्र उभे राहत नाही. पण 'उपाशी, घाबरलेल्या बाईला दूध कुठून येणार' या समजुतीला तो चांगलाच धक्का देतो.

या समजुतीत थोडे तथ्य आहे, म्हणून ती टिकून आहे. आपल्या भाषेत पान्हा फुटणे आणि दूध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शरीरशास्त्रही तेच सांगते. दूध तयार करणारे संप्रेरक वेगळे, ते बाहेर सोडणारे वेगळे. भीतीने, धक्क्याने, वेदनेने पान्हा काही काळ अडतो. दूध मात्र तयार होत राहते. बाईला शांत जागा, धीर देणारे कोणी आणि मूल छातीशी मिळाले की पान्हा परत फुटतो. मध्यम कुपोषित बाईलाही मुलापुरते दूध येते, फक्त तिच्या अंगची झीज होते, म्हणून अन्न तिला द्यायचे असते. जितके मूल ओढते तितके दूध बनते. वरचे दूध सुरू केले की मूल कमी ओढते, मग दूध खरेच आटते, आणि मूळची शंका खरी ठरल्यासारखी वाटते. डबा विकणाऱ्याला आईला खोटे सांगावे लागत नाही. तिच्या मनात शंका पेरली की पुरे.

आपल्याकडे ही पेरणी मुंबईतूनच झाली. १९२४ साली ग्लॅक्सोच्या बालान्नाची एजन्सी मुंबईत सुरू झाली. गुबगुबीत मूल म्हणजे 'ग्लॅक्सो बेबी' हा शब्दप्रयोग मध्यमवर्गात रुळला. त्यात प्रतिष्ठा होती. स्वातंत्र्यानंतर त्यात स्वदेशीचा अभिमानही मिसळला. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदला ती करून दाखवली गेली, म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न बनवण्याची पद्धत बसवली आणि अमूलने ते बाजारात आणले. आयात वाचली, शेतकऱ्याला भाव मिळाला. या उद्योगातल्या कोणालाही आईचे दूध तोडायचे नव्हते. इतिहासात खलनायक शोधायची आपल्याला सवय असते. इथे ती फार कामाला येत नाही. जे घडले ते पुष्कळ सज्जनांनी मिळून घडवले.

आणि त्या सज्जनांत मोठा वाटा होता इस्पितळांचा. बाळंतपण घरातून इस्पितळात गेले हे चांगलेच झाले, हजारो बायकांचे प्राण वाचले. पण त्याबरोबर एक नवी रीत आली. मूल जन्मताच आईपासून उचलून काचेआडच्या खोलीत नेणे, घड्याळाप्रमाणे चार-चार तासांनी पाजायला आणणे, मधल्या वेळात बाटली. निघताना हातात डब्याचा नमुना. घरी आई-आजीनेही चिकाचे दूध पिळून टाकायला सांगितलेले आणि मधाचे बोट चाटवलेले. जुनी रूढी आणि नवे विज्ञान यांचे एरवी पटत नसे, पहिल्या तीन दिवसांत मुलाला आईपासून दूर ठेवण्यावर मात्र दोघांचे एकमत झाले.

१९७४ साली लंडनच्या 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने माइक म्युलर यांची पुस्तिका छापली आणि गरीब देशांतल्या डबाबंद दुधाच्या विक्रीचा प्रश्न जगासमोर आला. दूषित पाणी, धुवायला जळण नाही, डबा पुरवून पुरवून वापरायचा म्हणून पातळ केलेले दूध आणि त्यातून जुलाब, अशी ती साखळी होती. स्वित्झर्लंडमधल्या कार्यकर्त्यांच्या एका गटाने तिचे जर्मन भाषांतर जास्त जहाल मथळ्याने काढले. नेस्लेने बदनामीचा दावा लावला. १९७६ साली बर्नच्या न्यायालयाने तेरा जणांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड केला, पण कंपनीनेही आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करावा असे बजावले. दावा जिंकूनही कंपनीचे नाव जगभर चर्चेत आले. पुढच्या वर्षी अमेरिकेत तिच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. विरोधातले ते एक मत अमेरिकेचे होते.

या लढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच काळात तीन इस्पितळांत गाजावाजा न होता जे घडले, ते मला तितकेच मोलाचे वाटते.

पहिले फिलिपाइन्समधले बागियो सरकारी इस्पितळ. तिथल्या बालरोग विभागाच्या प्रमुख डॉ. नातिविदाद रेलुसिओ-क्लाव्हानो यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर काचेआडची खोली बंद केली, मुले आयांच्या कुशीत दिली, बाटल्या हटवल्या आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींना दार बंद केले. १९७३ ते १९७७ या काळात जन्मलेल्या सुमारे दहा हजार मुलांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना केली तेव्हा नवजातांचे मृत्यू नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. यासाठी कोणतेही यंत्र आणावे लागले नव्हते.

दुसरे कोलंबियातल्या बोगोटाचे. १९७८ साली डॉ. एदगार रे यांच्या इस्पितळात उष्णपेट्या कमी होत्या, एकेका पेटीत एकाहून जास्त मुले आणि त्यामुळे संसर्ग. त्यांनी कमी वजनाची मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. ऊब आईची, दूधही तिचेच. यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात, आणि आता ती श्रीमंत देशांच्या इस्पितळांतही आहे.

तिसरे आपल्या शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. धारावी आणि आसपासच्या वस्त्यांतले लोक इथे येतात. डॉ. अर्मिडा फर्नांडिस तिथल्या नवजात विभागात काम करत होत्या. खाटा थोड्या, परिचारिका थोड्या, मुले खूप आणि जंतुसंसर्गाने होणारे मृत्यूही खूप. त्यांनी वरच्या दुधाच्या बाटल्या थांबवल्या आणि आयांना विभागात घेतले. जिला इतके दिवस दाराबाहेर थांबवले जात होते तीच आता मुलाची राखण करू लागली. उरला प्रश्न ज्यांची आई दगावली, अत्यवस्थ आहे किंवा जिला अजून पान्हा नाही अशा मुलांचा. त्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. ज्या बाईला आपल्या मुलाला पुरून उरेल इतके दूध आहे ती ते देते, साडेबासष्ट अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून ते निर्जंतुक करतात, गोठवतात आणि ज्याला गरज त्याला पाजतात. आपल्याकडे दूधआई ही कल्पना जुनी आहे. राजवाड्यांतून ती होती, पण तिथे गरिबाच्या मुलाच्या वाटणीचे दूध श्रीमंताच्या मुलाकडे जाई. शीवच्या पेढीत झोपडीतल्या एका बाईचे दूध झोपडीतल्याच दुसरीच्या मुलाला मिळू लागले, आणि तेही स्वतःच्या मुलाचे पोट भरल्यावर उरलेले.

याच काळात देशात कायद्याचा आग्रह वाढत होता. १९८३ साली सरकारने राष्ट्रीय संहिता जाहीर केली, पण संहिता मोडली म्हणून कोणाला शिक्षा होत नसते. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला स्तनपान प्रसारासाठी झटणाऱ्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी बीपीएनआय हे देशव्यापी जाळे उभे केले. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. बालकांच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र बंद. २००३ साली तो आणखी कडक झाला. औषधाच्या दुकानातला डबा आपण आज हातात घेतला तर त्यावर गुबगुबीत मूल दिसत नाही, त्यामागे ही सारी खटपट आहे.

एवढे शहाणपण जगाने जमवल्यावर संकटकाळी ते वापरले जाईल अशी अपेक्षा होती. पण संकटात माणसाचा हात आधी डब्याकडे जातो. २७ मे २००६ रोजी इंडोनेशियात योग्यकार्ताला भूकंप झाला. मदतीच्या ओघात दुधाची पावडर आली आणि ज्याला त्याला वाटली गेली, अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आयांनाही. नंतरच्या पाहणीत दिसले की दान मिळालेली पावडर ज्या मुलांना दिली गेली त्यांच्यात जुलाबाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होते. विहिरी खचलेल्या, चुली मोडलेल्या, आणि अशा ठिकाणी आपण अशी वस्तू पाठवली जिला उकळलेले पाणी लागते.

बोट्स्वानाची कथा जास्त दुःखद आहे, कारण तिथे कोणी घाईने काही केले नव्हते. आईकडून मुलाला एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून सरकार अशा आयांना फुकट पावडर देत होते. हेतू योग्य होता, योजना नीट चालत होती. २००५च्या अखेरीस आणि २००६च्या आरंभी मुसळधार पाऊस झाला, पाणी दूषित झाले आणि जुलाबाची साथ आली. तीन महिन्यांत पाच वर्षांखालची पाचशेहून अधिक मुले दगावली. आजारी पडलेल्यांत अंगावर न पिणारी मुलेच फार होती. एका विषाणूपासून वाचवलेली मुले पाण्याने नेली. आता औषधे नियमित घेणाऱ्या एचआयव्हीबाधित आईने मुलाला पाजावे, असाच सल्ला गरीब देशांत दिला जातो. यातून डबा वाईट आणि आई चांगली एवढाच अर्थ काढणे सोपे आहे, पण अपुरे आहे. अनाथ मुलाला डबा लागतोच, त्याला तो स्वच्छ पाण्यासह आणि मोजून मिळालाच पाहिजे. बाकीच्या आयांना हवा असतो तंबूतला आडोसा, पोटभर जेवण आणि शेजारी बसणारी एखादी अनुभवी बाई. या गोष्टी ट्रकमध्ये भरून त्यांचे फोटो काढता येत नाहीत, म्हणून त्या मागे राहतात.

महाराष्ट्रात एस.टी.च्या पुष्कळ स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसते. नाव समर्पक आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्याच्या ओढीने कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिचा गौरव करून तिथे बुरूज बांधला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गडाच्या रक्षणासाठी दार वेळेवर बंद होणे आणि वाट बुजवणे योग्यच होते. पण गड नसलेल्या ठिकाणीही आपण तेच करत आलो. आईने कडा उतरावा, आपण तिचे पोवाडे गावेत आणि दार मात्र तसेच राहावे.

१९६१च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ साली पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नासपेक्षा कमी माणसे नसलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजावे हा डॉक्टरांचा सल्ला आणि सव्वीस आठवड्यांची रजा यांचा मेळ आता बसतो. फक्त तो बसतो कार्यालयात नोकरी असलेल्या बाईसाठी. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला तर पैसे कापले जातात. तान्हे मूल पाचटावर किंवा झाडाला बांधलेल्या झोळीत असते. त्या बाईला आईच्या दुधाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. तिला दूध आहे आणि मायाही आहे. शंभर वर्षांपूर्वी परळच्या बाईला नव्हती तेवढीच सवड तिला आज नाही. १९२८ साली कौन्सिलात विचारला गेलेला प्रश्न, या विश्रांतीचा खर्च कोणी उचलायचा, तो तिच्या बाबतीत अजून उत्तराची वाट पाहतो आहे.